शेवटच्या खांद्याची जागा

१

माणूस तोंडानं काहीही सांगू दे, त्याचा शर्ट खोटं बोलत नाही, असं टाकेबाई म्हणायची. कारखान्याच्या शिवणघरात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. फाटलेले गणवेश पोत्यांतून यायचे आणि ती ते एकेक करून मार्गी लावायची. भट्टीवाल्याच्या बाह्यांची ठिणग्यांनी चाळण झालेली. वंगणवाल्याचा खिसा काळा, रंगाऱ्याची कॉलर कडक. कारकुनाचा शर्ट कोपरावर झिजतो आणि साहेबाचा पोटावर, असं ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली की बाकीच्या बाया मशीन थांबवून हसत.

घरचे कपडे ती सुट्टीच्या दिवशी काढायची. घरात माणसं दोनच, ती आणि तिचा लेक. लहानपणी त्याचे काटकुळे पाय बघून बाप त्याला ‘चिमण’ म्हणायला लागला, आणि आता चौकटीला डोकं लागेल एवढा उंच झाला तरी तो चिमणच राहिला होता. तो कारखान्यात क्रेन चालवायचा. शेडच्या छताशी टांगलेल्या काचेच्या खोक्यात बसायचं, खालचे लोखंडी रूळ उचलायचे आणि वॅगनीत ठेवायचे. दिवसभर बसून काम. त्याचे शर्ट खुर्चीला घासून पाठीवर विरायचे, आणि ते ती डोळे मिटूनसुद्धा रफू करू शकली असती.

एका सुट्टीला तिनं त्याचा शर्ट उलटा करून पाठीवर हात फिरवला. पाठ धड होती. उजव्या खांद्याची मात्र विरून जाळी झाली होती, आणि जाळीभोवती हिरवट डाग होता.

तिनं शर्ट खिडकीशी नेला. वंगण नव्हतं, रंग नव्हता, गवत तर नव्हतंच. कारखान्याच्या आवारात गवताचं एक पातं दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. जुन्या तांब्याच्या भांड्याला चढतो तसा कळंक वाटत होता. तिनं साबण लावला, लिंबू चोळलं. डाग जागचा हलला नाही.

टेकला असेल कुठंतरी, ती स्वतःशी म्हणाली, आणि आतून दुहेरी कापड लावून खांदा शिवून टाकला. दोरा तोडताना तिच्या लक्षात आलं, की हात आपले आपणच चालले होते. कापड किती घ्यायचं, तिरका टाका कुठं वळवायचा, काहीच आठवावं लागलं नव्हतं. ते ठिगळ तिनं पूर्वी अनेकदा शिवलं होतं. दुसऱ्याच्या शर्टाला.

२

चिमणचा बाप रूळ वाहायचा. त्या काळी क्रेन एकच होती आणि तीही निम्मा वेळ आजारी, त्यामुळे तयार रूळ शेडमधून यार्डात माणसांच्या खांद्यांवरून जायचे. सहा जणांची टोळी असायची. एकामागे एक उभं राहायचं, उजव्या खांद्यावर रूळ घ्यायचा आणि एका पावलानं चालायचं. उंच माणसं मागे. चिमणचा बाप सगळ्यांत शेवटी. शेवटच्याला पुढचे सगळे दिसतात, म्हणून हुकूम त्याचा. त्यानं ‘घ्या’ म्हटलं की उचलायचं. आणि त्यानं ‘ठेवा’ म्हटल्याशिवाय कुणी खांदा काढायचा नाही. मग खाज सुटो, विंचू चावो, नाहीतर साहेब बोंबलो. एकानं आधी खांदा काढला तर त्याच्या वाटणीचं वजन शेजारच्याच्या मानेवर येतं.

‘घ्या’ म्हणताना तो शेड दणाणून सोडायचा. ‘ठेवा’ मात्र हळू म्हणायचा, सोडलेल्या श्वासाबरोबर, जवळजवळ लाडानं.

ही खोड घरीही आली. धान्याचं पोतं खांद्यावर घेऊन तो स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहायचा आणि ती शेगडीशी गुंतलेली असायची. बऱ्याच वेळानं तिचं लक्ष जायचं. ‘अहो, ठेवा की,’ असं ती म्हणायची, तेव्हा तो ठेवायचा. शेजारीण म्हणायची, तुझा नवरा म्हणजे भिंतीतली खुंटी, काहीही अडकवून ठेव. लहानगा चिमण त्याच्या खांद्यावर झोपून जायचा, तेव्हाही हा अंथरुणाशी तसाच उभा, तिच्याकडे बघत. ती कधीकधी मुद्दाम गप्प राहायची. पोराचा गाल बापाच्या खांद्यावरच्या घट्ट्याला टेकून चपटा झालेला असायचा. तेवढं पोटभर बघून झालं की त्याच्याच सुरात म्हणायची, ‘ठेवा.’ मग तो पोराला खाली ठेवायचा. आधी पाय, मग पाठ, आणि शेवटी डोकं, अगदी अलगद.

३

तो गेला तो भर कामात, रूळ खांद्यावर असताना. घसरला नाही, कशाखाली सापडला नाही. उभ्या उभ्या काळीज थांबलं. टोळी यार्डाच्या दाराशी पोचली, थांबली, ‘ठेवा’ची वाट बघू लागली, आणि मागून शब्द आलाच नाही. खांद्यावर रूळ असताना कुणालाच मान वळवता येत नव्हती. साहेब धावत आला, टाका रे टाका म्हणून ओरडला. एकानंही टाकलं नाही. शेवटी कुणीतरी क्रेन आणून त्यांच्या खांद्यांवरून रूळ वरच्या वर उचलून घेतला. तेव्हा कुठं ते मागे वळले.

हे तिला सांगितलं उंटकाकांनी. लांब मानेमुळे ते उंट. चिमणच्या बापाच्या नेमके पुढे त्यांची जागा. त्या दिवशी ते दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. ‘वहिनी, त्यानं ठेवा म्हटलं नाही,’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तिला वाटलं, धक्क्यानं माणूस भरकटलाय. माझं कुंकू पुसलं गेलं आणि हा एक शब्द धरून बसलाय.

काही वर्षांनी कारखान्याच्या दारासमोरच्या चौकात कष्टकऱ्यांच्या सन्मानासाठी शिल्प उभारायचं ठरलं. शिल्पकार बाहेरगावचा, हळू बोलणारा, चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारा माणूस. टोळीतल्या पाच जणांना त्यानं समोर उभं करून घडवलं आणि सहाव्याचा फोटो मागायला टाकेबाईकडे आला. फोटो एकच होता, लग्नातला, आणि त्यात नवरा भेदरलेला. मग तिनं त्याचा जुना शर्ट काढून दिला. शिल्पकार खांद्यावरच्या ठिगळावरून बोट फिरवत बराच वेळ बसला. न पाहिलेल्या माणसाला मी चेहरा देणार नाही, असं म्हणाला. त्याची जागा रिकामी ठेवतो. ज्याला वाटेल त्यानं तिथं खांदा लावावा.

गावाला ते फार आवडलं. पाच कांशाची माणसं, त्यांच्या खांद्यांवर कांशाचा रूळ, आणि शेवटी रुळाच्या टोकाखाली एका माणसापुरती मोकळी जागा. नवी जोडपी तिथं फोटो काढायची, पोरं लोंबकळायची. गाव त्याला ‘टोळी’च म्हणायचं. टोळीपाशी भेट, टोळीपाशी उतर. टाकेबाई मात्र त्या जागेत कधी शिरली नाही. जाता-येता तिकडे नुसती एक नजर टाकायची, कामासाठी उठून गेलेल्या माणसाच्या खुर्चीकडे टाकावी तशी.

४

पुढच्या सुट्टीला दुसरा शर्ट तसाच निघाला. मग तिसरा.

आता ती लेकाकडे बघू लागली. जेवताना त्याचा उजवा हात मध्येच थबकायचा. दारातून आत येताना तो मान डावीकडे कलती करून यायचा, आणि आत आल्यावरही लगेच वळायचा नाही. आधी चार पावलं सरळ पुढे जायचा. जसं काही त्याच्या मागे लांबलचक असं काहीतरी अजून दारातून यायचं बाकी आहे.

एका सकाळी तो नळाशी उघड्या अंगानं तोंड धूत होता. उजव्या खांद्यावर, गळ्याचं हाड संपतं तिथं, लिंबाएवढा घट्टा होता. कडक, चकचकीत, मधोमध किंचित खोलगट. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्या घट्ट्याला तिनं वर्षानुवर्षं तेल चोळलं होतं. तो व्हायला अर्धा जन्म ओझं वाहावं लागतं. बसून काम करणाऱ्या पोराला तो एका ऋतूत झाला होता.

‘हे काय रे?’

चिमणनं घाईनं शर्ट ओढला. ‘क्रेनचा पट्टा घासतो.’

‘क्रेनला पट्टा कधीपासून?’

‘आई, तू शर्ट शिव. क्रेन मी बघतो.’

असा तो कधी बोलत नसे. बोलल्यावर स्वतःच ओशाळला, आणि जाताना तिच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकून गेला, लहानपणी चूक झाली की करायचा तसं. ती विचार करत राहिली. कुठं चोरून हमाली धरलीय का? कुणाच्या नादी लागलाय का? बाप नसलेल्या पोराची आई आधी सरळ कारणं शोधते. ती सापडली तर निदान रागावता तरी येतं.

५

उंटकाका एका खोलीत एकटे राहायचे. टोळीतले पुढचे चौघं एकेक करून गेले होते. डॉक्टरांनी प्रत्येकाच्या दुखण्याला वेगळं नाव दिलं होतं. उंटकाका म्हणायचे, नावं वेगळी, पण सगळे उजवीकडेच कलून गेले. टाकेबाई अधूनमधून त्यांना डबा नेऊन द्यायची. मनातलं बोलायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्या दिवशी जरा लवकरच निघाली.

ते खाटेवर नेहमीसारखे बसले होते, उजवा खांदा खाली पडलेला, डावा वर. त्या बाजूवर त्यांना कितीतरी वर्षांत झोपता आलं नव्हतं. तिनं तब्येत विचारली.

‘आजकाल संध्याकाळी बरं वाटतं, वहिनी,’ ते म्हणाले. ‘पाळी सुटल्याचा भोंगा झाला की थोडा वेळ. मागून कुणीतरी खांदा दिल्यासारखं. मग परत येतं.’

‘काय परत येतं?’

‘वजन,’ ते म्हणाले. आज ऊन आहे, असं सांगावं तसं.

तिनं हसण्यावारी नेलं. भाऊजी, तो रूळ कधीच गेला, एव्हाना त्याच्यावरून कितीतरी गाड्या धावल्या असतील, असं म्हणाली.

‘गेला खरा. पण आम्ही ठेवला नव्हता. आमच्यावरनं काढून घेतला. ठेवणं वेगळं असतं, वहिनी.’

डब्याचं झाकण उघडत ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात लांब कारखान्याचा भोंगा झाला. थोडा वेळ काहीच घडलं नाही. रस्त्यावरून सायकली गेल्या. मग तिच्या डोळ्यांदेखत उंटकाकांचा उजवा खांदा हळूहळू वर आला, डाव्याच्या बरोबरीला येऊन थांबला, आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

‘आलं बघा,’ ते डोळे मिटून म्हणाले. ‘पोरगा कोण आहे कुणास ठाऊक. पण उंची अगदी त्याचीच आहे.’

तिनं झाकण तिथंच टाकलं आणि ती बाहेर पडली.

६

चौकातली गर्दी ओसरली होती. वर्तमानपत्रवाला गठ्ठे बांधत होता. टोळीच्या शेवटी, मोकळ्या जागेत, चिमण उभा होता. रुळाखाली खांदा, उजवा हात रुळावर, डोळे मिटलेले. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. तिथं रोज कुणीतरी उभं असतंच.

ती लांबच थांबली. तिच्या मनानं तिला समजावलं, की रूळ आणि माणसं एकत्र ओतलेली आहेत, सगळं खाली जमिनीत पक्कं रोवलेलं आहे, कुणाच्या खांद्यावर कसलंही वजन यायचं कारण नाही. नजर मात्र चिमणच्या पायांवर खिळली होती. त्याच्या बुटांखालची माती दबून बूट कडेपर्यंत आत गेले होते.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. आईला बघून दचकला नाही. दोघं घराकडे चालू लागले.

‘काय करतोस तिथं?’

‘उभा राहतो.’ मग काही पावलं गेल्यावर त्यानं सांगितलं. मित्रांनी एकदा चेष्टेत फोटोसाठी उभं केलं होतं. खांदा लावला, आणि त्याला मानेवर श्वास जाणवला. मागे कुणीतरी उभं होतं.

‘वळून बघायचं मग.’

‘वळलो असतो तर बाबा गेले असते.’

तिचे पाय थांबले. तो मात्र खाली बघतच बोलत राहिला. ‘मला त्यांचा चेहरा आठवत नाही, आई. तो फोटो आहे ना लग्नातला, तो मला कुणा परक्याचा वाटतो. मला त्यांचा खांदा आठवतो. आणि झोपेत कानाशी लागायचा तो श्वास. थोडं वजन लागतं तिथं. पण चालतं मला.’

तिला रागवायचं होतं, खुळ्या म्हणून दटावायचं होतं. तिच्या तोंडून भलतंच गेलं. ‘काही म्हणतात का रे?’

‘नाही. आता म्हणतील, असं वाटतं. श्वास घेतात आणि थांबतात.’

त्या संध्याकाळी ती त्याला तिथं जाऊ नको म्हणाली नाही. जन्मात पहिल्यांदा तिला आपल्याच पोराचा हेवा वाटत होता.

७

पण हेवा आईला फार दिवस परवडत नाही. चिमण तिथं जास्त जास्त वेळ थांबू लागला. त्याचं अंग गार लागायचं, हिवाळ्यात नळाला हात लावावा तसं. नखांच्या मुळाशी हिरवी रेघ आली. बोलणं आटलं. कारखान्याच्या दवाखान्यात ती त्याला ओढून घेऊन गेली, तर डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडाकडे धरला आणि हमाली बंद करा म्हणून सांगितलं. क्रेनवर बसून असतो, म्हटलं तर त्यांनी फोटोवरचं नाव पुन्हा तपासलं.

घरी आल्यावर तिनं त्याचे हात धरले. पुरे झालं, म्हणाली. आता तिकडे फिरकायचं नाही.

‘मध्येच निघता येत नाही, आई,’ तो म्हणाला. ‘मी खांदा काढला की सगळं उंटकाकांवर जातं.’

‘कुणी सांगितलं तुला?’

‘सांगावं लागत नाही. खाली उभं राहिलं की कळतं.’

त्यानंतरच्या सुट्टीला तो सकाळीच पाव आणायला म्हणून बाहेर पडला आणि आला नाही. दुपार झाली. तिनं चप्पल पायात सरकवली आणि ती जवळजवळ धावतच निघाली. कारखाना बंद होता, चिमण्यांतून धूर नव्हता, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. भर उन्हात चौक इतका शांत होता की तिला स्वतःच्या चपलांचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला.

लांबून तिला टोळीत सहा माणसं दिसली. सहाही एकाच रंगाची.

ती जवळ गेली. चिमणचे डोळे मिटलेले होते. पावाची पिशवी पायाशी पडली होती आणि तिच्यावर मुंग्या होत्या. तिनं त्याला हाक मारली. गालाला हात लावला. ऊन असं तापलेलं, आणि गाल गार, टणक. तिनं दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून ओढलं. रोवलेला खांब ओढावा तसं झालं. मग तिनं त्याच्या छातीवर कान ठेवला. आत कुठंतरी खोल काहीतरी चाललं होतं, पण श्वास हलत नव्हता. घेतलेला होता आणि धरून ठेवलेला होता.

ती वळसा घालून त्याच्या मागे गेली, रुळाच्या टोकापाशी. हात देऊन रूळ वर ढकलता येतोय का, असलं काहीतरी वेडं तिच्या डोक्यात होतं.

तिथं हवा वेगळी होती. उबदार. यंत्राच्या तेलाचा, घामाचा आणि साबणाचा वास. तो साबण तर दुकानात मिळायचा बंद होऊन वर्षं लोटली होती. रुळावर, चिमणच्या हाताच्या शेजारी, कांशावर ओल होती. गार धातूवर कुणी गरम तळवा टेकवल्यावर उमटते तशी, रुंद, आखूड बोटांची. उन्हात ती वाळत नव्हती. ती बघत असताना बोटं जराशी आवळली.

तिच्या मागे कुणीतरी श्वास घेतला आणि थांबलं.

ती वळली नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं, त्याचा शब्द राहून गेला. चिमणलाही तेच वाटत होतं, उंटकाकांनाही. सगळे त्याच्या बोलण्याची वाट बघत होते. आणि आता तो अगदी पाठीशी असताना तिला कळलं, की तो बोलणार नव्हता. ही थांबण्याची तऱ्हा तिच्या ओळखीची होती. अंथरुणाशी तो असाच थांबायचा. खांद्यावर त्याचं पोर होतं, आणि तो तिच्याकडे बघत होता.

शब्द घरी नेहमी तिचाच असायचा.

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा म्हटलं की तो ठेवणार, आणि ठेवून झालं की त्याला इथं थांबायचं काही कारण उरणार नाही. मानेवर तो श्वास लागत होता. पूर्वी ती मुद्दाम गप्प राहायची ना, पोटभर बघून घ्यायला? तशीच ती गप्प राहिली. थोडंसंच. मग तिला चिमणच्या ओठांचा रंग दिसला.

‘ठेवा,’ ती म्हणाली. हळू, सोडलेल्या श्वासाबरोबर, त्याच्याच सुरात.

आवाज झाला तो धातूचा नव्हता. खूप वेळ कोंडलेले श्वास एकदम सुटावेत तसा होता, पुढून मागे, एकामागून एक. आणि चिमण खाली आला. तो पडला नाही. आधी पाय दुमडले, मग पाठ जमिनीला लागली, आणि शेवटी डोकं, अगदी अलगद, कुणाच्या तरी तळव्यावरून निसटावं तसं.

ती वळली तेव्हा चौकात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

८

उंटकाका त्याच दुपारी गेले. शेजाऱ्यांनी सांगितलं, जेवून आडवे झाले ते झोपेतच. उजव्या कुशीवर झोपले होते, खांदा उशीत रुतवून, हात गालाखाली.

चिमण आठवडाभर तापानं फणफणला आणि उठला. बोटांत धग आली, नखं स्वच्छ झाली. खांद्यावर हात फिरवला तर कातडी मऊ, लहान मुलासारखी. तो पुन्हा एकदा चौकात जाऊन आला, हे तिला न सांगताही कळलं. आला तो दाराशी बसून राहिला.

‘नुसतं कांसं आहे आता,’ तो म्हणाला. मग बूट काढता काढता, ‘तू का म्हणालीस, आई?’

ती त्याचं ताट वाढायला उठली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पण आपल्या पोरानं आपल्याला एका गोष्टीसाठी माफ केलेलं नाही, हे घरातल्या घरात कळत असतं. ताटं उचलताना कळतं, दिवा मालवताना कळतं.

त्यानंतरच्या सुट्टीला तिनं कपडे काढले. चिमणचे शर्ट पाठीवर विरले होते, व्हायला हवे तसे. ते तिनं रफू करून घडी घातले. मग तळाशी राहिलेला स्वतःचा कामावरचा निळा कोट झटकला आणि मशीनवर घेतला. उजव्या खांद्याची जाळी झाली होती. जाळीभोवती हिरवट डाग होता.

ती त्या जागेत कधी उभी राहिली नव्हती. रुळाला तिचा खांदा पुरलाही नसता. बराच वेळ ती कोट मांडीवर घेऊन बसली. ठेवा म्हटलं, पण कुठं ठेवा, ते तिनं सांगितलंच नव्हतं. आणि खांद्यावरून आणलेलं तो नेहमी घरातच, तिच्यापाशी ठेवायचा.

तिनं चिमणला सांगितलं नाही. गुणाचं पोर आहे. कळलं तर जवळ येईल आणि एका शब्दात तिला मोकळी करून टाकील.

हल्ली दारातून येताना तिची मान जराशी डावीकडे असते. संध्याकाळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ती हातातलं काम सोडून स्वयंपाकघराच्या मधोमध थोडा वेळ नुसती उभी राहते. चिमण विचारतो, आई, काय झालं? काही नाही रे, ती म्हणते, जरा दमले. आणि सुट्टीच्या दिवशी, तो घरी नसताना, ती कोटाच्या उजव्या खांद्याला आतून दुहेरी कापड लावते. तिरका टाका कुठं वळवायचा ते तिला आठवावं लागत नाही.